कंटेनरला घाम फुटला की...

गावात मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, गाई-म्हशी भरवतो, म्हणजे कृत्रिम रेतन करतो. या कामात नवी आलेली पोरं गन, म्हणजे वीर्य आत सोडायची लांब नळी, धरायला लवकर शिकतात, पण गोठवलेलं वीर्य ठेवायच्या कंटेनरकडे पाण्याच्या कळशीसारखं बघतात. मीही तसाच होतो.

कंटेनरमधला द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. गाडीवर, गोठ्यात, केंद्राच्या कोपऱ्यात, सगळीकडे तो हळूहळू उकळतच असतो. बाहेरून शिरणारी उष्णता त्या उकळण्यातच खर्ची पडते, म्हणून द्रवात बुडालेली कांडी, म्हणजे वीर्य भरलेली बारीक नळी, उणे १९६ च्या वर जात नाही. त्याचं उकळणं हाच आपला बर्फखाना. म्हणूनच झाकण मुद्दाम सैल असतं. 'नायट्रोजन उडतोय' म्हणून ते चिंधी कोंबून घट्ट करणारा एक पठ्ठ्या मी पाहिलाय. एका लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो; कोंडला तर कंटेनर फुटेल. चारचाकीतून नेताना काचा खाली ठेवा. या वायूला वास नाही, रंग नाही. बंद जागेत तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणसाला कळायच्या आत भोवळ येते. झाकण काढल्यावर दिसणारा पांढरा 'धूर' नायट्रोजनचा नसतो, थंडीने गोठलेलं हवेतलं बाष्प असतं ते.

कॅनिस्टरवर, म्हणजे कांड्या ठेवायच्या दांडीच्या पेल्यावर, जमलेला पांढरा थरही पाण्याचाच बर्फ. नायट्रोजन गोठायला उणे २१० अंश लागतात. उकळण्याच्या खाली जेमतेम १४ अंश, पण आपल्या कंटेनरमध्ये ते कधी येत नाहीत. प्रयोगशाळेत पंपाने वरची वाफ ओढत राहिलं की तो गोठतो. आपला संबंध द्रव आणि वायू, या दोघांशीच.

पातळी रोज मोजा. कोरडी पट्टी तळापर्यंत दहा सेकंद बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथवर पांढरं दव चढेल तिथवर नायट्रोजन. कंटेनरचं रिकामं वजन लिहून ठेवलं असेल तर काटाही चालतो, लिटरभर द्रव साधारण ८०० ग्रॅम भरतो.

आता माझी चूक. पहिला उन्हाळा, तीन लिटरचा जुना कंटेनर. संध्याकाळी त्याच्या मानेजवळ घाम आलेला दिसला. मी फडक्याने पुसला आणि घरी गेलो. दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली की बाहेरून असा घाम फुटतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. सकाळी पट्टी कोरडी ठणठणीत. केंद्रावर पळत जाऊन कांड्या दुसऱ्या भरलेल्या कंटेनरमध्ये टाकल्या आणि वाचलो असं समजलो. त्याच दिवशी चार गाई भरवल्या. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, सगळं अगदी पुस्तकाप्रमाणे.

एकदा वर चढलेलं तापमान पुन्हा खाली आणून मेलेले शुक्राणू जिवंत होत नाहीत. बाहेरून मात्र कांडी जशीच्या तशी दिसते. कांडी शोधताना कॅनिस्टर मानेच्या वर उचलू नका, आठ-दहा सेकंदांत सापडली नाही तर परत बुडवा, असं जुने लोक का ओरडतात, ते मला एकविसाव्या दिवशी कळलं.

पहिला फोन सकाळी सहाला आला. "डॉक्टर, गाय उलटली. सोट टाकतीय." म्हणजे गाभ न राहता गाय पुन्हा माजावर आली. दुपारपर्यंत दुसरा. दोन दिवसांत चारही. एकेका गाईचा माज वाया गेला, म्हणजे शेतकऱ्याचे तीन आठवड्यांचे चारा-पेंड वाया. चौघांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं आणि नव्या कांड्यांनी फुकट भरवून दिलं. तिघं काही बोलले नाहीत. चौथ्या घरच्या आजी म्हणाल्या, "मग त्या दिवशी आधी डबा का नाही बघितलास रे?"