बर्लिनला बिऱ्हाड मांडताना: आधी लेटरबॉक्सवर नाव

पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं करारपत्र, पदव्यांच्या प्रती, थंडीचे कपडे. हे कुणीही सांगेल, घ्या आणि पुढे चला. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, तीन महिन्यांपुरतीच. साजूक तूप, पेढे, खवा घरी ठेवा, युरोपीय संघाबाहेरून सामानात दूधदुभतं आणायला बंदी आहे. कुकर जरूर न्या, पण तळाला लोहचुंबक चिकटतो का ते आधी बघा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, आणि शेगडी कुठली पदरी पडेल ते घर हाती येईपर्यंत कळत नाही. दोन जादा रिंगा, एक शिट्टी. व्होल्टेज आपल्यासारखंच, २३०, फक्त पिना वेगळ्या, म्हणून दोन अडॅप्टर बस झाले. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला इंग्रजी मजकूर असलेलाच घ्या. नुसता मराठीत असेल तर तिथे मराठीचा शपथबद्ध अनुवादक शोधत फिरावं लागतं.

आता मुद्द्याचं. घराची किल्ली मिळेल त्याच दिवशी लेटरबॉक्सवर आडनाव लावा. बॅगा उघडण्याआधी, चहा टाकण्याआधी. हे पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळू नका.

आपल्याकडे 'बी-३०२' लिहिलं की पत्र येतं. जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पत्ता म्हणजे रस्ता, इमारतीचा क्रमांक, पाच आकडी पिनकोड आणि माणसाचं नाव. खाली दाराशी पेट्यांची रांग असते, प्रत्येकीवर बोटभर पट्टी, पट्टीवर आडनाव. पोस्टमन तेवढंच वाचतो. तुमचं नाव दिसलं नाही की 'या पत्त्यावर सापडत नाही' असा शेरा पडून पत्र परत जातं, आणि तुम्हाला कुणी चकार शब्द कळवत नाही.

आणि येतं काय टपालाने? सगळंच. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या. आरोग्यविम्याचं कार्ड. आणि सर्वांत महत्त्वाचं, श्टॉयर-आयडी, म्हणजे तुमचा अकरा आकडी कर-क्रमांक. तो फोनवर किंवा ई-मेलवर सांगत नाहीत, पत्रानेच पाठवतात. तो कंपनीला दिला नाही तर पगारातून सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत चढ्या दराने, कपात होऊ शकते. पुढे परत मिळते, पण घर मांडतानाच्या महिन्यांत तोच पैसा हवा असतो. एका पट्टीपायी हे सगळं अडतं.

हाउसफरवाल्टुंग, म्हणजे इमारतीची व्यवस्था पाहणारी कंपनी, पितळी किंवा प्लॅस्टिकची पट्टी करून देते, पण तिच्या सवडीने. तोवर थांबू नका. कागदाची पट्टी कापा, मोठ्या रोमन अक्षरांत आडनाव लिहा, वरून पारदर्शक चिकटपट्टी मारा. आडनाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असणं आपल्याकडे नवं नाही, पण पोस्टमनला ते कसं कळणार? कुणाच्या घरात एक खोली घेतली असेल तर घरमालकाच्या पेटीवर तुमचंही नाव लावून घ्या. ते जमत नसेल तर पत्ता देताना प्रत्येक ठिकाणी 'सी/ओ' लिहून पेटीवरचं नाव टाका. बेलवरही नाव हवं, पार्सलवाला तिथे बघतो. अंगणामागच्या इमारतीत राहात असाल तर पत्त्यात 'हिंटरहाउस' लिहा.

पट्टी लागली? मग आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही पत्त्याची नोंदणी करायची असते. बर्लिनमध्ये कुठल्याही भागातल्या ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कामांच्या सरकारी कचेरीत, चालते, म्हणून घराजवळच्याच कचेरीचा हट्ट धरू नका, जिथली वेळ आधी मिळेल ती घ्या. घरमालकाच्या सहीचं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग', म्हणजे तुम्ही तिथे राहायला आल्याचं पत्र, लागतंच, भाडेकरार त्याची जागा घेत नाही. धर्माच्या रकान्यात घाईने काही लिहू नका. वसईच्या किंवा गोव्याच्या मंडळींनी तिथे रोमन कॅथलिक लिहिलं की चर्चकर सुरू होतो, बर्लिनमध्ये आयकराच्या ९ टक्के. भरायचा असेल तर जाणून भरा. कचेरीतून परत आलात की खाली पेटीशी थांबा आणि पट्टी जागेवर आहे ना ते बघा. पावसाने गळून पडते.

नोंदणीनंतर थोड्याच दिवसांत रुंडफुंकबायट्रागचं पत्र येतं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. ही माणशी नसून घरटी असते, तेव्हा घरातलं दुसरं कुणी भरत असेल तर त्याचा वर्गणी-क्रमांक कळवून मोकळे व्हा. पिवळ्या पाकिटातलं सरकारी पत्र मात्र बाजूला ठेवू नका. पोस्टमन त्यावर तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून धावते, तुम्ही उघडलं असो वा नसो.

डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. किल्ली घेताना भिंतीवरचे डाग, फरशीवरचे ओरखडे लिहून सही घ्या, फोटो काढा. रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा, थंडीतसुद्धा. आपला स्वयंपाक वाफेचा, कपडे घरातच वाळत घातलेले, भिंतीला बुरशी धरते आणि ती डिपॉझिटमधून वसूल होते. फोडणी टाकताना स्वयंपाकघराचं दार लावा, पॅसेजमधला धुराचा अलार्म मोहरीला ओळखत नाही. दार ओढलं की बाहेरून उघडत नाही, किल्ली खिशात असल्याशिवाय कचरा टाकायलाही जाऊ नका. रविवारी कुलूपवाला बोलावला की खिसा रिकामा.

बाकी भराभर. रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच. पेयांच्या बाटल्या आणि कॅन फेकू नका, एका वापराच्या बहुतेकींवर २५ सेंट परत मिळतात. कागदी तिकिटावर शिक्का मारा, नाहीतर दंड ६० युरो. भारतीय लायसन्स सहा महिने, पुढे लेखी आणि गाडीची अशा दोन्ही परीक्षा. रात्री १० नंतर मिक्सर नको. रुग्णवाहिका ११२, पोलीस ११०, अवेळी डॉक्टर ११६११७.

घर बदललं तर जुन्या पत्त्यावरची पत्रं वळवायला पोस्टात पैसे भरून नाखझेंडे-आउफट्राग द्या. आणि नव्या पेटीवर पट्टी, त्याच दिवशी.