मुंबईत सिनेमा जिथे सुरू झाला त्या जागा एका दिवसात कशा बघायच्या

आधीच सांगते, यातल्या बऱ्याच जागांवर आज बघायला काहीच नाहीये. थिएटर पाडलेलं, स्टुडिओ गेलेला, वर दुकानं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नुसती यादी घेऊन गेले आणि दुपारपर्यंत हिरमुसून घरी आले, कारण कुठे काय घडलं ते नीट वाचलंच नव्हतं. त्यामुळे पहिली तयारी म्हणजे प्रत्येक जागेची तारीख आणि गोष्ट घरीच वाचून जा, तिथे उभं राहून मोबाईलवर शोधत बसलात तर मजा जाते.

वार शनिवार धरा. रविवारी मेगाब्लॉकची (रुळांच्या कामासाठी लोकल बंद ठेवण्याची) भानगड असते आणि सोमवारी पेडर रोडचं सिनेमा म्युझियम बंद.

सुरुवात काळा घोड्यापासून. डेव्हिड ससून लायब्ररीच्याच रांगेत वॉटसन हॉटेलची इमारत आहे, आता तिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. बिडाच्या लोखंडाचा सांगाडा, सुटे भाग इंग्लंडहून आणून इथे जोडलेला. ७ जुलै १८९६ ला इथे फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचे सहा छोटे चित्रपट दाखवले, तिकीट एक रुपया, आणि पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते! इमारत धोकादायक म्हणून २०१९ मध्ये रिकामी केली, आत जायचा प्रयत्न करू नका, समोरच्या फुटपाथवरून बघा. त्या सहांमध्ये स्टेशनात गाडी येते तो चित्रपटही होता, मिनिटभराचाही नाही, आधी डाउनलोड करून ठेवा आणि इथे उभं राहून बघा, मला तरी अंगावर काटा आला होता.

मग चर्चगेटहून लोकल पकडून चर्नी रोड, पूर्वेला उतरायचं, आता गिरगाव चालतच फिरायचं. इथे घाई करू नका. दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट गिरगावातच पाहिला आणि आपले देव असे पडद्यावर का नाहीत हे त्यांच्या डोक्यात बसलं. १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला, दादरला काम सुरू केलं, आणि ३ मे १९१३ ला सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनला 'राजा हरिश्चंद्र' लागला. तो रस्ता म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, जुनं नाव विचारलंत तर सँडहर्स्ट रोड स्टेशनचा पत्ता सांगतील. थिएटर आता नाहीये. तरी हा रस्ता चालाच, आणि चालताना दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळक्यांची आठवण काढा, फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक, एवढं त्या बाईंनी केलंय. त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

गिरगावातच मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे, तिथे पूर्वी मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१, 'आलम आरा', आपला पहिला बोलपट. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. त्याची एकही प्रिंट आज शिल्लक नाही, म्हणून ही जागा बघणं मला महत्त्वाचं वाटतं, दुसरं काय उरलंय?

गिरगावात पोटभर मिसळ खा आणि टॅक्सीने पेडर रोडला गुलशन महलात जा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इथेच आहे, जुना बंगला आणि शेजारची नवी इमारत असं दोन्हीकडे. निदान दोन तास हाताशी ठेवा. संध्याकाळी वर हँगिंग गार्डन. सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ मध्ये इथे कुस्ती चित्रित केली होती, फाळक्यांच्याही बरीच वर्षं आधी. पुढे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत नाव काढलेले रँग्लर परांजपे भारतात परत आले तेव्हाचं स्वागतही त्यांनी कॅमेऱ्यात धरलं.

शेवटची जागा केनेडी ब्रिज, ऑपेरा हाऊसच्या जवळ. ही मुद्दाम रात्रीसाठी ठेवा आणि सोबत कोणीतरी असू द्या. 'आलम आरा'चं शूटिंग इथल्याच ज्योती स्टुडिओत झालं, रूळ इतके जवळ की दिवसा दर थोड्या वेळाने गाडीचा आवाज माइकमध्ये शिरायचा, म्हणून दिग्दर्शक अर्देशीर इराणींनी रात्री एक ते चार असं काम केलं, माइक नटांच्या आसपास लपवून. पुलावर कठड्यापाशी फोन रेकॉर्डिंगला लावा आणि दोन गाड्यांच्या मधला वेळ मोजा. संध्याकाळी सातला एक वाक्य पुरं होत नाही, रात्री अकरानंतर हळूहळू दोन-चार वाक्यं बसायला लागतात.