कॉन्फरन्सला पेपर वाचायचाय? आधी प्रश्न बारीक करा

दरवर्षी एम.ए.ची पोरं विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते. भाषाशास्त्राच्या कॉन्फरन्सला जायला पीएचडी लागत नाही, नाशिकमधून जाणं तर सोपंच, भाषाशास्त्राचं मोठं केंद्र असलेलं डेक्कन कॉलेज पुण्यात आहे आणि लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाचं (१९२८ ची, सुरू झाली लाहोरला) ऑफिसही तिथेच. त्यांची वार्षिक कॉन्फरन्स मात्र दरवेळी वेगळ्या गावात असते, कॉल (पेपर पाठवा अशी सूचना) आला की डेडलाइन कॅलेंडरमध्ये टाका.

अडतं कुठे, तर अॅबस्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे निवडीसाठी आधी पाठवायच्या पेपरच्या सारांशात. "नाशिक जिल्ह्यातील बोलींचा भाषावैज्ञानिक अभ्यास" असलं काही पाठवू नका, त्यात सिद्ध करायला काहीच नसतं आणि बोलायला साधारण १५ मिनिटं मिळतात, वर ५ प्रश्नांना. एकच बारीक प्रश्न धरा. समजा तुमची आजी "म्या भाकर खाल्ली" म्हणते. प्रमाण मराठीत "त्याने खाल्ली" पण "मी खाल्ली", म्हणजे "मी"ला "ने" लागतच नाही, आणि आजीच्या "म्या"त मात्र कर्त्याचं वेगळं रूप अजून जिवंत आहे. मग आजी "म्या गेले" म्हणते का? "म्या पाणी प्याले"? म्हणजे हे रूप कुठल्या क्रियापदांसोबत येतं? आई काय म्हणते, तुम्ही काय म्हणता? झाला की पेपर! सिन्नर-निफाडकडची आठ-दहा माणसं, तीन पिढ्या, ठरलेली वीस वाक्यं. रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या, आणि "असं म्हणता का हो?" असं थेट विचारू नका कारण पाहुण्यासमोर सगळे शुद्ध बोलायला लागतात, त्यापेक्षा काल जेवायला काय केलं ते सांगायला लावा.

आधीचं काय झालंय तेही बघा. ब्रिटिश काळात ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांचा सर्व्हे केला, त्याचा सातवा खंड मराठीचा, १९०५ चा, नेटवर फुकट मिळतो. अहिराणीवाल्यांनो, तुमची त्यात शोधत बसू नका, त्याने ती "खानदेशी" या नावाने भिल्लीसोबत नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात टाकलीय. त्यामुळे सटाणा-मालेगावचा डेटा घेऊन गेलात तर "ही मराठीची बोली की वेगळी भाषा" हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. त्या वादात तुमची पाच मिनिटं घालवू नका, वाक्यं दाखवा.

अॅबस्ट्रॅक्टमध्ये उदाहरणं तीन ओळींत द्या: वर मूळ वाक्य, खाली तुकड्या-तुकड्याचा अर्थ (यालाच ग्लॉसिंग म्हणतात, ते कसं लिहायचं याचे लाइपझिग नियम डाउनलोड करा), मग भाषांतर. "भाकर" स्त्रीलिंगी म्हणून "खाल्ली", हे मराठी न येणाऱ्यालाही दुसऱ्या ओळीत दिसलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी नाव लपवून तपासतात, तर पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधलं तुमचं नावही काढा, हे हमखास राहतं. आणि दोन दिवसांत "अॅक्सेप्टेड, फी भरा" असा मेल आला तर भरू नका, नीट तपासणाऱ्यांना वेळ लागतो.

स्लाइड्स पीडीएफमध्येच न्या. मी पहिल्या वेळी साधी फाइल नेली होती, तिथल्या लॅपटॉपवर सगळी देवनागरी चौकोन-चौकोन, अर्धा पेपर फळ्यावर लिहून वाचला! तेव्हापासून उदाहरणांचं एक पान छापून वीस झेरॉक्स नेते. कॉन्फरन्स पुण्यात असेल तर आदल्या दिवशीच निघा, दोनशेच किलोमीटर म्हणून सकाळची बस धराल आणि तुमचं सेशन चाकणच्या ट्रॅफिकमध्ये संपेल.

प्रश्न आला आणि उत्तर नसेल तर "हे तपासलेलं नाही, बघते" एवढंच म्हणा, फेकाफेक लगेच कळते. विचारणाऱ्याला चहाच्या वेळी गाठा, खरं बोलणं तिथेच होतं, आणि त्यांनी सुचवलेली वाक्यं त्याच रात्री वहीत उतरवा, परत गावी जाल तेव्हा आजीला विचारायची आहेत.