लिनक्सवर अंतर्गत मोडेम: सगळा घोळ आयआरक्यूचा

जुन्या संगणकातला मोडेम फॅक्ससाठी किंवा डायल-अपसाठी लिनक्सवर चालवायचा, तर आधी 'एलएसपीसीआय' चालवून कार्डाची जात बघा. 'सिरियल कंट्रोलर' असं दिसलं तर बहुधा खरा मोडेम आहे. यूएस रोबोटिक्सचं ५६१० त्यातलंच. 'कम्युनिकेशन कंट्रोलर' दिसलं तर बहुतेक विनमोडेम. तो सिग्नलचं काम प्रोसेसरकडून करून घेतो, त्यामुळे प्रत्येक चिपला तिचा वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तोही जुन्या कर्नलपुरता. त्याच्या नादी लागू नका, सरळ कार्ड बदला.

खरं पीसीआय कार्ड कर्नल बहुतेक वेळा आपणहून ओळखतो.

खरा कस लागतो तो पीसीआयच्या आधीच्या, जुन्या आयएसए खाचेतल्या कार्डाशी. मीही इथेच अडलो होतो. कार्डाचा जंपर (कार्डावरची छोटी जोडपिन) कॉम३ या सिरियल पोर्टवर असला की पोर्टचा पत्ता ३ई८ आणि आयआरक्यू, म्हणजे कार्ड प्रोसेसरला हाक (इंटरप्ट) देतं त्या ओळीचा क्रमांक, बहुधा ४. पण ४ हा मदरबोर्डवरच्या कॉम१ चा, आणि आयएसएवर दोन कार्डांनी एक आयआरक्यू वाटून घेणं म्हणजे त्रासाला आमंत्रण. म्हणून जंपर ५ वर न्या. पण साउंड कार्डही बऱ्याचदा ५ वरच असतं, म्हणून ५ मोकळा आहे ना ते बघायला 'प्रॉक'मधली 'इंटरप्ट्स' फाइल आधी वाचा. बायोसमध्ये ५ हा आयआरक्यू 'लेगसी आयएसए'साठी राखून ठेवा.

आता 'सेटसिरियल' ही आज्ञा. याने कार्डाचा आयआरक्यू बदलतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कार्ड कुठे आहे, एवढंच ते कर्नलला सांगतं. जंपर ५ वर आणि कर्नलच्या हिशेबी टीटीवायएस२ (लिनक्समधलं कॉम३ चं नाव) अजून ४ वर, तर काम अडणारच. रूट होऊन टीटीवायएस२ साठी पोर्ट ३ई८ (हेक्समध्ये), आयआरक्यू ५ आणि यूएआरटी (सिरियल पोर्टची चिप) १६५५०ए असं द्या. मग मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये 'एटी' ही मोडेमची आज्ञा टाइप करा; उत्तर 'ओके' यायला हवं.

उत्तर अजिबात आलं नाही, तर पत्ता चुकला. 'ओके' आलं, पण कित्येक सेकंदांनी, अडखळत, तर आयआरक्यू चुकला. या संथपणावर लोक वेग कमी करत बसतात, फोनच्या तारेला दोष देतात. तारेचा इथे संबंधच नाही, 'ओके' कार्डाकडूनच येतं. खात्री हवी असेल तर आयआरक्यू ० द्या. मग कर्नल इंटरप्टची वाट न बघता स्वतः पोर्ट तपासत राहतो. उत्तर लगेच आलं तर दोष आयआरक्यूचाच. ० वर कायमचं सोडू मात्र नका, वेग मार खातो.

'सेटसिरियल'ची ही ओळ बूट स्क्रिप्टमध्ये घाला, नाहीतर रीस्टार्टनंतर सगळं पुसलं जातं.

पुढचं सोपं आहे. वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घ्या, मोडेम शोधून डायल-अपची फाइल बनवणारं 'डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ' चालवा, तयार झालेल्या फाइलमध्ये नंबर, नाव, पासवर्ड भरा. कार्यालयातल्या ईपीएबीएक्समागे (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजमागे) 'नो डायलटोन' आलं, तर त्याच फाइलमधल्या इनिट ओळीत (मोडेमला सुरुवातीला जाणाऱ्या आज्ञांत) 'एक्स३' जोडा; मग मोडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.