१५ किलोमीटरला मी ५ सेकंद मागे होते: हाफ मॅरेथॉनमध्ये पीबी (पर्सनल बेस्ट, स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ) कसा काढायचा

माझ्या रनिंगच्या वहीतली दोन पानं मी एकमेकांशेजारी चिकटवून ठेवली आहेत. दोन्हींवर हाफ मॅरेथॉनचे (२१.१ किमी) स्प्लिट आहेत, म्हणजे दर ५ किलोमीटरच्या पाटीपाशी घड्याळ काय दाखवत होतं ते.

पहिलं पान: ५ किमी २७:१०, १० किमी ५५:०५, १५ किमी १:२३:२०, २० किमी १:५३:५०, शेवट २:००:३८.

दुसरं पान, आठ महिन्यांनंतरचं: २८:०५, ५५:५०, १:२३:२५, १:५०:४५, शेवट १:५६:२७.

दुसऱ्या शर्यतीत १० किलोमीटरला मी माझ्याच जुन्या वेळेच्या ४५ सेकंद मागे होते. १५ ला ५ सेकंद मागे. आणि फिनिश लाइन ओलांडली तेव्हा ४ मिनिटं ११ सेकंद पुढे. पहिल्या वेळी १५ ते २० हा टप्पा मला ३०:३० लागला होता, म्हणजे किलोमीटरला ६:०६. दुसऱ्या वेळी तोच टप्पा २७:२० मध्ये झाला. माझा पीबी या पाच किलोमीटरमध्ये झाला. म्हणून पीबीच्या मागे लागलेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते: १४ ते १९ या किलोमीटरांची तयारी करा. सगळं सरावाचं वेळापत्रक त्या टप्प्यावर डोळा ठेवून आखा.

आधी लक्ष्य. ‘दोन तासांच्या आत’ हा आकडा गोल आहे म्हणून तो घेऊ नका. तुमचे पाय आज कुठे आहेत ते मोजा. शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी १० किलोमीटर पूर्ण जोर लावून पळा, शक्यतो एखाद्या शर्यतीत, कारण एकट्याने पळताना तेवढा जोर सहसा निघत नाही. त्या वेळेला साधारण २.२ ने गुणा. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ सांगणारं पीटर रीगल यांचं एक जुनं सूत्र आहे, त्यावरून हा गुणक २.२०६ येतो. माझे १० किलोमीटर ५३:०० मध्ये झाले होते, त्यावरून हाफचा अंदाज १:५६:५६ निघाला. मी लक्ष्य धरलं १:५७. एक गोष्ट लक्षात ठेवा: लांब पल्ल्याचा सराव झालेला आहे असं हे सूत्र गृहीत धरतं. आठवड्याला २५ किलोमीटरच पळत असाल तर त्या अंदाजात तीन-चार मिनिटं मिळवा.

आता पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ. अंतर २१.०९७५ किमी, वेळ १:५७, म्हणजे किलोमीटरला ५:३३. पण घड्याळावर ५:३३ धरून पळालात तर १:५७ होणार नाहीत. प्रमाणित मार्ग मोजताना धावणाऱ्याला शक्य असलेली सगळ्यात जवळची रेषा धरतात, आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून त्यात हजारी एक, म्हणजे हाफला साधारण २१ मीटर, जास्तीचे घालतात. आपण मात्र वळणं बाहेरून घेतो, गर्दीतून वाट काढतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो. घड्याळाच्या जीपीएसची चूक वेगळीच. शेवटी घड्याळावर २१.२ ते २१.४ दिसतात. २१.३ धरले तर १:५७ साठी घड्याळावरचा पेस ५:३० हवा. किलोमीटरला तीन सेकंद म्हणजे शेवटी एक मिनिटाहून जास्त. ‘घड्याळाप्रमाणे झालं होतं, निकालात मात्र गेलं’ असं म्हणणारी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांची हळहळ खरी असते. उपाय सोपा आहे: घड्याळाचा ऑटो लॅप (जीपीएसच्या दर किलोमीटरला आपोआप वेळ नोंदवण्याची सोय) बंद करा, किलोमीटरच्या प्रत्येक पाटीपाशी लॅपचं बटण स्वतः दाबा आणि ५, १०, १५, २० च्या ठरवलेल्या वेळा मनगटावर पेनाने लिहा.

सराव बारा आठवड्यांचा धरा. मी आठवड्याला पाच दिवस पळत होते, ३५ किलोमीटरपासून सुरुवात करून ५२ पर्यंत गेले. दर चौथ्या आठवड्याला अंतर पाव हिश्श्याने कमी केलं. पाचपैकी तीन दिवस इझी. इझी म्हणजे खरोखर इझी: शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. माझा शर्यतीचा पेस ५:३३ आणि इझी पेस ६:३० ते ६:५०. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. मलाही दोन वर्षं पटलं नव्हतं. मी रोज पावणेसहाने पळत होते आणि प्रत्येक शर्यतीत १६ च्या पाटीपाशी माझे पाय संपत होते. रोज मधल्या वेगाने पळलं की दमायला होतं, पण जोराच्या दिवशी लावायला जोर उरत नाही. इझी हळू केल्यावरच माझे टेम्पो सुधारले.

टेम्पो हा हाफचा कणा आहे. साधारण तासभर टिकेल असा जो वेग असतो त्या वेगाने पळायचं, माझ्या बाबतीत ५:२०. त्याहून जोरात गेलात की लॅक्टेट (जोराच्या कामात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) तयार होण्याचा वेग ते वापरलं जाण्याच्या वेगापेक्षा वाढतो, ते रक्तात साचतं, आणि काही मिनिटांत श्वास व पाय दोन्ही हाताबाहेर जातात. टेम्पोने ही सीमारेषा पुढे सरकते. १० मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये २ मिनिटं हळू जॉग, इथून सुरुवात करा. आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत २० मिनिटांचे दोन तुकडे जमले पाहिजेत. टेम्पो संपल्यावर ‘अजून पाच मिनिटं पळता आलं असतं’ असं वाटलं तर वेग बरोबर होता. गुडघ्यांवर हात टेकून वाकावं लागलं तर तो टेम्पो नव्हता, शर्यत होती.

इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम घेत जोराने पळायचे छोटे तुकडे, मी एक आठवड्याआड ठेवले, १००० मीटरचे पाच, ५:०५ च्या आसपास. त्यांचं महत्त्व हाफसाठी टेम्पोच्या खालोखाल.

आणि आता ज्या सरावाने माझं दुसरं पान लिहिलं गेलं, तो. लाँग रन मी आधी सलग एका संथ वेगाने करायचे. १८-२० किलोमीटर व्हायचे, वहीत टिकमार्क व्हायचा. पण शर्यतीत १४ व्या किलोमीटरनंतर जे मागितलं जातं, ते त्या लाँग रनने कधी मागितलंच नव्हतं. थकलेल्या पायांनी शर्यतीचा पेस धरणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते वेगळं शिकावं लागतं. म्हणून पाचव्या आठवड्यापासून एक आठवडा सोडून हे केलं: सुरुवातीला १४ किमी इझी आणि शेवटचे ४ लक्ष्याच्या पेसने. मग १२ इझी आणि ६ पेसने. नवव्या आठवड्यात ८ किमी इझी, त्यानंतर ३ किलोमीटरचे तीन तुकडे ५:३३ ने, मध्ये १ किमी हळू, आणि शेवटी १ किमी जॉग. एकूण २० झाले. त्यातला तिसरा तुकडा मला अजून आठवतो. १६ किलोमीटर होऊन गेले होते, मांड्या जड झाल्या होत्या, आणि पहिल्या दोनशे मीटरांत वाटलं की हे होणार नाही. मी पाऊल लांब टाकायचं थांबवलं, पावलं छोटी आणि भरभर केली, खांदे खाली सोडले. पेस ५:३१ वर आला आणि तिथेच राहिला. घरी येऊन वहीत लिहिलं: ‘जड पायांनीही ५:३१ निघतो.’ शर्यतीत १७ व्या किलोमीटरला हेच वाक्य मी मनात म्हणत होते.

या लाँग रननंतरचा दिवस पूर्ण विश्रांतीचा किंवा फार तर अर्धा तास अगदी हळू. सहाव्या आठवड्यात मी उत्साहात रविवारी लाँग रन आणि सोमवारी इंटरव्हल केले आणि डावी पोटरी धरली. नऊ दिवस गेले. दोन कठीण दिवसांमध्ये किमान एक इझी दिवस हवाच. पोटऱ्या आणि कुल्ह्यांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं: एका पायावर टाच उचलणं, एका पायावर बसकी, प्लँक. हे मी दुखापतीनंतर सुरू केलं. आधीच करायला हवं होतं.

शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर कमी करा, वेग ठेवा. शेवटून दुसऱ्या आठवड्यात मी ५२ वरून ३४ किलोमीटरवर आले, शेवटच्या आठवड्यात शर्यत सोडून २०. पण त्यातही दोन दिवस ५:३३ चे दोन-तीन किलोमीटर होतेच, पायांना तो पेस विसरू द्यायचा नाही. टेपरमध्ये, म्हणजे अंतर कमी करण्याच्या या दिवसांत, पाय जड वाटतात, नसलेली दुखणी जाणवायला लागतात. बहुतेकांना असं होतं. त्या घबराटीत शेवटच्या गुरुवारी ‘एकदा तपासून बघते’ म्हणून जोरात पळू नका. त्या तीन दिवसांत नवीन ताकद येत नाही, असलेली मात्र खर्च होते.

बूट, मोजे, जेल (पळताना घ्यायचं साखरेचं पाकीट), सकाळचं खाणं, सगळं लाँग रनमध्ये वापरून झालेलं असावं. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा जोराच्या धावेत साधारण दीड ते दोन तास पुरतो, म्हणजे हाफमध्ये तो नेमका शेवटच्या टप्प्यात तळाला जातो. मी ४० मिनिटांनी एक आणि ८० मिनिटांनी एक जेल घेते, दोन्ही पाण्यासोबत. पाय जड झाल्यावर घेतलेलं जेल उशिरा पोचतं, म्हणून घड्याळ बघून घ्यायचं.

शर्यतीच्या दिवशी १० मिनिटं जॉग आणि तीन-चार स्ट्राइड (थोडंसंच अंतर वेगाने पळणं), मग आपल्या पेसच्या लोकांमध्ये उभं राहा. चिप टाइम, म्हणजे अंगावरच्या चिपने मोजलेली तुमची वेळ, तुम्ही रेषा ओलांडल्यावर सुरू होतो, त्यामुळे पुढे घुसण्याची गरज नाही. पहिले तीन किलोमीटर लक्ष्यापेक्षा ४ ते ७ सेकंद हळू. ताजे पाय, गर्दी, संगीत, या सगळ्यात ५:२५ चा पेस चालण्यासारखा वाटतो. माझ्या पहिल्या पानावरचे २७:१० असेच झाले होते. लोक तुमच्या पुढे जातील, जाऊ द्या. केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगेने २०१९ मध्ये व्हिएन्नात पेसरांच्या (ठरलेला वेग धरून सोबत पळणाऱ्यांच्या) साथीने ४२.१९५ किमी १:५९:४० मध्ये पूर्ण केले, तेव्हा त्याचे जवळजवळ सगळे किलोमीटर २:४८ ते २:५२ च्या मध्ये राहिले. एवढ्या मोठ्या धावेतही सगळा खेळ सेकंद राखण्याचा होता.

४ ते १३ या टप्प्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पेस धरा, वळणं आतून घ्या, पाणी प्या, बोलू नका. कंटाळा आला तर बरोबर चाललंय.

१४ नंतर घड्याळाकडे कमी बघा. मी पुढे तीसेक मीटरवर पळणारी एक पाठ निवडते आणि एका किलोमीटरमध्ये तिला गाठायचं ठरवते. गाठली की पुढची पाठ. दुसऱ्या पानाच्या शर्यतीत ती पाठ निळ्या बनियनची होती, १६ च्या पाटीपासून १७ पर्यंत. मध्ये लहानसा चढ होता. चढावर मी पेस सोडून श्वास धरला, उतारावर पेस आपोआप परत आला. लॅप दाबला: ५:२९. तो किलोमीटर पहिल्या शर्यतीत ६:०८ गेला होता. २० च्या पाटीनंतर जे उरलं असेल ते सगळं. माझे शेवटचे १.१ किलोमीटर ५:१२ च्या पेसने गेले.

ऊन किंवा दमटपणा फार असेल तर लक्ष्य त्या सकाळीच बदला आणि श्वासावर पळा. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, पायांना कमी मिळतं, जिद्दीने ते भरून निघत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, अंगावर काटा येऊन थंडी वाजू लागली तर तिथेच थांबायचं आणि मदत मागायची.

शर्यतीनंतर त्याच दिवशी स्प्लिट वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहा, मनात काय चाललं होतं त्याची. नंतरचे सात-आठ दिवस हळू पळा किंवा पळूच नका. वहीतलं तिसरं पान मी आखून ठेवलं आहे: लक्ष्य १:५४, पहिले ५ किलोमीटर २७:३०. बाकीच्या ओळी रिकाम्या आहेत.