रश पुन्हा ऐकायचाय? 'मूव्हिंग पिक्चर्स'पासून लागा

विशीत 'आवाज किरटा' म्हणून कॅनडाचा रॉक बँड रश बाजूला टाकला असेल, तर १९७४च्या पहिल्या अल्बमकडे वळू नका. ड्रमर नील पर्ट त्यानंतर आला, आणि पुढचे बहुतेक शब्दही त्याचेच. थेट १९८१चा 'मूव्हिंग पिक्चर्स' लावा: सात गाणी, साधारण ४० मिनिटं, शफल बंद.

सांगली-मिरज एसटीत नको. इंजिनाच्या घरघरीत गायक गेडी लीचा बास गिटार बुडतो आणि उरतो नुसता तो उंच गळा, म्हणजे नेमकं जे खटकलं होतं तेच. घरी ऐका, चांगल्या हेडफोनवर.

दुसऱ्या फेरीत शब्द सोडा, मात्रा मोजा. याच अल्बममधल्या 'टॉम सॉयर' गाण्यातला वाद्यांचा तुकडा सात मात्रांत चालतो. सात मात्रांचा रूपक ताल अंगात भिनलेल्या मिरजेच्या कानाला तो लगेच सापडेल. 'वायवायझेड' (YYZ) गाण्याची सुरुवात दहा मात्रांची. टोरांटो विमानतळाचा हाच कोड तिथे मोर्स लिपीत वाजतो: लांब-आखूड-लांब-लांब, पुन्हा तेच, मग लांब-लांब-आखूड-आखूड. टेबलावर बोटांनी वाजवून बघाच, फार देखणी रचना आहे! झपतालाचे २-३-२-३ खंड मात्र त्यावर बसवू नका, जुळत नाहीत.

रशचा पुढचा अल्बम 'व्हेपर ट्रेल्स' २०१३च्या रीमिक्समध्येच घ्या. २००२ची मूळ प्रत इतकी जोरात मास्टर केलीय की आवाज फाटतो.