टास्कबारवर डोकावणारी गिऱ्हाइकं

म्हापशात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. परवा टास्कबारवरच्या वर्डच्या चिन्हावर राइट-क्लिक केलं, तर अलीकडच्या फायलींची यादी वर आली. पहिलंच नाव धाकट्या भावाच्या वाटणीपत्राचं, आणि काउंटरला टेकून उभा थोरला! फायलींना अशी नावं मीच देते म्हणा.

एखादंच नाव काढायचं तर त्यावर राइट-क्लिक करून ‘रिमूव्ह फ्रॉम धिस लिस्ट’ पुरतं; फाइल जागेवरच राहते. पण रोज किती पुसणार? विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग स्टार्ट, तिथलं अलीकडच्या गोष्टी दाखवायचं बटणच बंद केलं. यादी साफ. फाइल एक्सप्लोररमधलीही गेली, त्याची सवय व्हायला चतुर्थी उजाडेल.

वर्डच्या पोटातली यादी वेगळी. ती ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन शून्यावर आणली.